9 सेकंदांचा रस्ता: आपल्या तिठ्यावर चालणं आणि सायकल सेफ कशी करायची

आमच्या तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा फक्त पेढे वाटायचे राहिले होते. दोन वर्षं तगादा लावून मिळालेला, पिवळा-काळा, प्लास्टिकचे तुकडे जोडून बोल्ट मारलेला. त्याच संध्याकाळी सोप्यावर बसून बघते तर काय, पाणी जायला म्हणून दोन्ही कडांना दीड-दीड फूट जागा मोकळी सोडलेली, आणि झाडून सगळ्या स्कूटर ब्रेकरवरून न जाता त्या फटीतून, म्हणजे बरोबर जिथून आम्ही पोरांचा हात धरून चालतो तिथून. आधी निदान मधून तरी जायच्या! पावसाळा सरेपर्यंत अर्धे तुकडे उखडले, बोल्ट तेवढे वर राहिले, आणि त्यांनी आमच्याच वाड्यावरचे दोन टायर फोडले.

तेव्हा डोक्यात उजेड पडला की चूक मागण्यातच होती. आम्ही "स्पीडब्रेकर द्या" म्हटलं, त्यांनी दिला, विषय संपला. तिठ्यावर नेमकं काय होतंय ते ना आम्ही बघितलं होतं ना त्यांनी. त्यानंतरच्या दीड वर्षात जे जमलं, जे फसलं, ते लिहून ठेवतेय, कोणाला तरी उपयोग होईल. मी इंजिनियर नाही, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली आहे, सकाळी मुलीला चालत शाळेत सोडते आणि मग बसने पणजी गाठते. नवरा सायकलवाला आहे, त्यामुळे सायकलचा भाग बराचसा त्याच्याकडून.

सगळ्यात आधी एक तास नुसतं बसा. अर्ज नाही, व्हॉट्सॲप ग्रुप नाही, सरपंचाला फोन नाही. सकाळी शाळेच्या वेळेला एकदा आणि संध्याकाळी काळोख पडताना एकदा, पाण्याची बाटली घेऊन कोणाच्या तरी सोप्यावर बसा आणि बघा की माणसं खरंच कुठून रस्ता ओलांडतात. झेब्रा असेल तिथून नव्हे, खरंच कुठून. माणूस कडेने चालता चालता डांबरावर कुठे उतरतो आणि का उतरतो, ते लिहा. आमच्याकडे तीन कारणं निघाली: एका कंपाउंडची बोगनवेल वाढून तीन फूट बाहेर आलेली, कोणाच्या तरी बांधकामाचे चिरे वर्षभर कडेला रचून ठेवलेले, आणि गटारावरची एक लादी खचलेली. म्हणजे 40 मीटरच्या पट्ट्यात माणूस तीनदा रस्त्यात उतरत होता, आणि यातल्या दोन गोष्टींना सरकारची गरजच नव्हती. बोगनवेल मालकिणीने स्वतः छाटली, फक्त कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. आम्ही नुसते चरफडत होतो.

आता मोजायचं. टेप, खडू किंवा चुना, आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच, बस. रस्त्याच्या सरळ भागात बरोबर 50 मीटर मोजून दोन्ही टोकांना कडेच्या दगडावर चुन्याची खूण करा. गाडी पहिल्या खुणेला आली की बटन, दुसरीला आली की बटन. 6 सेकंद लागले तर गाडी 30 च्या स्पीडला, साडेचार म्हणजे 40, 3.6 म्हणजे 50, आणि 3 सेकंदात गेली तर 60. बटन दाबण्यात थोडं इकडेतिकडे होणारच, म्हणून 25 मीटरवर मोजू नका, 50 च घ्या, आणि एका गाडीवर न जाता चाळीस-पन्नास गाड्या लिहा. आम्ही 50 लिहिल्या, त्यातल्या 31 गाड्या 4 सेकंदांच्या आत, म्हणजे 45 च्या वर. घरांच्या, देवळाच्या आणि शाळेच्या मधल्या रस्त्यावर! त्यात पायलट (मोटरसायकल टॅक्सीवाले) होते, बस होत्या, पोरं होती, काळ्या प्लेटवर पिवळे नंबर असलेली भाड्याची स्कूटर घेऊन गुगल मॅपकडे बघत जाणारे पर्यटक होते, आणि हो, आमच्याच वाड्यावरची मंडळी होती, मीही स्कूटरवर असते तेव्हा त्यातलीच. दोष फक्त दिल्ली-बंगळुरूच्या लोकांवर टाकून गप्प बसायची आपली सवय आकडे लिहिले की मोडते.

मग एक मोजमाप करा जे आम्ही सगळ्यात शेवटी केलं आणि खरं तर आधी करायला हवं होतं: तुमच्या घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला किती सेकंद लागतात. आमचा डांबराचा पट्टा 7 मीटर. मला साडेपाच-सहा सेकंद. सासूबाईंना, गुडघे दुखत असताना, हातात पूजेची परडी असताना, 9 सेकंद. आता वळण आमच्या ओलांडायच्या जागेपासून 70 मीटरवर, त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. 50 च्या स्पीडने वळणातून निघालेली गाडी 70 मीटर 5 सेकंदात पार करते. म्हणजे रस्ता पूर्ण रिकामा बघून सासूबाई उतरल्या तरी गाडी येते तेव्हा त्या रस्त्याच्या मधोमध. यात त्यांचं काहीच चुकलेलं नाही, दोन्ही बाजूंना बघूनच उतरल्यात. तीच गाडी 30 ने आली तर तिला 8 सेकंदांहून जास्त लागतात, सासूबाई जवळजवळ पलीकडे पोचलेल्या असतात, आणि नसल्या तरी ड्रायव्हर थांबू शकतो, कारण कोरड्या रस्त्यावर 30 ने जाणारी गाडी, बघून ब्रेक मारायचा वेळ धरून, साधारण 13 मीटरमध्ये थांबते आणि 50 ची गाडी 27-28 मीटर खाते. पावसात त्याहून जास्त. हा हिशेब मी ग्रामसभेत फळ्यावर लिहून दाखवला. "लोकांना शिस्त नाही" म्हणणारे दोघे-तिघे होते ते तेव्हापासून जरा शांत झालेत.

देशाचा आकडाही सांगून ठेवते, अर्जात घालायला बरा पडतो: 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळपास 33 हजार पायी चालणारी.

पुढचा प्रश्न, रस्ता कोणाचा? हे न बघता अर्ज केला की तो या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहतो. हायवे असेल तर हायवेवाले, मुख्य जिल्हा रस्ते आणि गावातले बरेचसे मोठे रस्ते साबांखाकडे (सार्वजनिक बांधकाम खात्याकडे), आतले वाड्यावरचे काही पंचायतीकडे, शहरात पालिका किंवा पणजी असेल तर महापालिका, आणि रस्त्यावरचे दिवे वीज खात्याकडे. ठरवता येत नसेल तर पंचायत सेक्रेटरीला विचारा, त्याला माहीत असतं. तरीही खात्री नसेल तर एकच अर्ज दोघांच्या नावाने करा, वर दोन्ही नावं, म्हणजे "आमच्याकडे येत नाही" म्हणायची सोय उरत नाही.

अर्ज कसा लिहायचा यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळं तिथेच अडतं. आमचा पहिला अर्ज असा होता: "सदर रस्ता अत्यंत धोकादायक असून योग्य ती कार्यवाही करावी ही नम्र विनंती." खाली 140 सह्या. काहीही झालं नाही, आणि का होईल, योग्य ती कार्यवाही म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. दुसरा अर्ज एका पानाचा होता, सह्या 11, पण त्यात लिहिलं होतं: तिठ्यापासून शाळेच्या गेटपर्यंत 180 मीटर, यात डाव्या बाजूला गटारावरच्या 6 लाद्या नाहीत किंवा खचल्यात (फोटो 1 ते 6), डांबराची कड साइडपट्टीपेक्षा 14 सेंटीमीटर वर आहे (फोटो 7, टेप लावून), सकाळी 7.40 ते 8.10 मध्ये 64 मुलं इथून चालत जातात, 50 पैकी 31 गाड्या 45 च्या वर. आणि मग मागण्या, मापासकट. दोन आठवड्यांत जेई (ज्युनियर इंजिनियर) बघायला आले, आणि आले ते हातात आमचाच अर्ज घेऊन, एकेक फोटो जागेवर पडताळत.

मापासकट मागायचं म्हणजे काय, तर इंडियन रोड्स काँग्रेसची मानकं आहेत, आयआरसी म्हणतात त्यांना सगळे, आणि इंजिनियर लोक त्याच भाषेत विचार करतात. पायी चालणाऱ्यांसाठीचं आयआरसी 103. त्यात फुटपाथची मोकळी रुंदी वस्तीच्या भागात कमीत कमी 1.8 मीटर हवी असं आहे. मोकळी म्हणजे मध्ये विजेचा खांब, झाड, बोर्ड काही नाही. का 1.8, तर दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर जाता याव्यात म्हणून. फुटपाथची उंची 15 सेंटीमीटरच्या वर नको. आपल्याकडे काही ठिकाणी गुडघ्याला येईल एवढा उंच फुटपाथ बांधतात, मग म्हातारी माणसं त्यावर चढतच नाहीत, खालून चालतात, आणि वर आपण म्हणतो "फुटपाथ दिला तरी वापरत नाहीत". स्पीडब्रेकरसाठी आयआरसी 99, त्यात गोलाकार हंप 3.7 मीटर रुंद आणि मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच, म्हणजे 25 च्या स्पीडने गाडी आरामात जाते आणि 50 ने गेली तर ड्रायव्हरलाच कळतं. बाजारातून आणलेला तो अरुंद प्लास्टिकचा तुकडा हा हंप नव्हे. त्याच्यावर सायकलवाला आपटतो, ॲम्ब्युलन्समधला पेशंट आपटतो, आणि स्कूटर बाजूने निघून जाते. म्हणून अर्जात लिहा: हंप रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा, गटारापर्यंत, आणि पाण्यासाठी खालून पाइप. हे एक वाक्य आम्हाला दोन वर्षं उशिरा सुचलं.

गावातल्या रस्त्याला 1.8 मीटर फुटपाथ कुठून आणायचा, दोन्ही बाजूला चिऱ्याची कंपाउंडं, हे मला मान्य आहे. तिथे मागायचं ते गटार. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उघडं गटार असतंच, ते मजबूत लाद्यांनी सलग झाकलं की तोच फुटपाथ. लाद्या एका पातळीत हव्यात, मधल्या फटी बोटभराच्या वर नकोत, आणि साफ करायला उचलता येतील अशा हव्यात, नाहीतर पहिल्या पावसात गटार तुंबतं, कोणीतरी लाद्या फोडतं आणि परत ये रे माझ्या मागल्या.

कोपरा ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट, आणि याबद्दल कोणीच बोलत नाही. तिठ्याच्या तोंडाशी 5-6 मीटरपर्यंत काहीही उभं राहू नये, ना कार ना गाडो (हातगाडा) ना जाहिरातीचा बोर्ड. कारण कार उभी असली की तिच्या मागून बाहेर आलेलं सात वर्षांचं पोर ड्रायव्हरला दिसतच नाही, त्याची उंचीच बॉनेटएवढी. अमेरिकेत न्यू जर्सीत होबोकन नावाचं दाटीवाटीचं छोटं शहर आहे, त्यांनी कोपऱ्यावरचं पार्किंग काढायचं काम वर्षानुवर्षं चिकाटीने केलं, आणि 2017 पासून सात-आठ वर्षं तिथे रस्ते अपघातात एकही माणूस गेला नाही. आमच्या तिठ्यावर आमलेट-पावाचा गाडो होता, अगदी कोपऱ्यावर, आणि संध्याकाळी त्याच्याभोवती पंधरा स्कूटर. हटवा म्हटलं असतं तर भांडण, आणि त्याच्या पोटावर पाय द्यायचाही नव्हता (त्याचं रॉस आमलेट मीच आठवड्यातून दोनदा खाते). आम्ही त्याच्याशी बोलून फक्त 8 मीटर आत सरकवला, देवळाच्या भिंतीकडे. धंदा तेवढाच आहे, उलट बसायला जागा झाली.

शहरात फुटपाथवर स्कूटर चढतात त्यावर सगळे म्हणतात खांब लावा. खांबांनी कार थांबते, स्कूटर थांबत नाही, कारण व्हीलचेअरला 90 सेंटीमीटर जागा सोडावीच लागते आणि स्कूटर त्यातून आरामात जाते. तिथे चलनच लागतं, दुसरा उपाय नाही. शहरातलं चांगलं उदाहरण बघायचं असेल तर पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर जाऊन या, तिथे फुटपाथ रुंद करून बसायला जागा, झाडं, पार्किंग वेगळं असं केलंय. पुण्याच्या बाकी रस्त्यांबद्दल मी काही बोलत नाही.

अर्जाची पोच घ्याच. इनवर्डचा शिक्का आणि नंबर असलेली कॉपी हातात आल्याशिवाय काउंटर सोडू नका, "ठेवून जा" ला अर्थ नसतो. महिना-दीड महिना वाट बघा आणि मग माहिती अधिकारात, 10 रुपये भरून, एवढंच विचारा: अमुक नंबरच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, फाइलवरच्या नोंदींच्या प्रती द्या. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भांडायचं नाही, टोमणे नाहीत, "का केलं नाही" असं तर अजिबात नाही. अर्जात दोन गोष्टींचा नम्र उल्लेख जरूर करा. एक, मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. दोन, मोटार वाहन कायद्यात 2019 ला आलेलं कलम 198अ, मानकांप्रमाणे रस्ता बांधला-राखला नाही म्हणून कोणी मेलं किंवा अपंग झालं तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लेखी अर्ज आधी दिलेला असेल तर "आम्हाला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही, एवढंच त्याचं वजन, पण ते पुष्कळ आहे.

ग्रामसभेला जा. बहुतेक रविवारी असते, आणि गोव्यात ग्रामसभेत आवाज निघाला की तो पेपरात येतो. मात्र बोलायला उठण्याआधी विषय लेखी द्या, ठराव स्वतः लिहून न्या, आणि ठराव इतिवृत्तात आलाय का ते पुढच्या सभेत वाचून घ्या. आमचा एक ठराव "चर्चा झाली" एवढाच लिहिला गेला होता.

एक करू नका: स्वतः सिमेंट घालून ब्रेकर बांधू नका. कितीही राग आला तरी. रात्री त्यावर पाय... म्हणजे चाक आदळून कोणी पडलं तर केस तुमच्यावर.

आणि हॉटमिक्सवर डोळा ठेवा! निवडणुका जवळ आल्या की हॉटमिक्सिंग सुरू होतं, सगळे खुश. पण दर थराबरोबर डांबर वर येतं आणि कड खाली राहते, आमच्या त्या 14 सेंटीमीटरची गोष्ट हीच. बसने हॉर्न दिला म्हणून सायकल त्या कडेवरून खाली उतरली की हँडल वळतं आणि माणूस बसच्याच बाजूला पडतो, नवऱ्याचं मनगट असंच मोडलं. म्हणून काम चालू असतानाच सांगायचं की साइडपट्टी भरून डांबराच्या पातळीला आणा, रोलर गेला की मग कोणी परत येत नाही. झेब्राचे पट्टेसुद्धा नव्या डांबराखाली जातात, ते परत मारायचं कामही त्याच ऑर्डरमध्ये घ्यायला सांगा.

आता हे सगळं होईपर्यंत आपण रोज चालणारच, तर चालण्याबद्दल. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. वळणावर कंपाउंडला चिकटून काहीच दिसत नसेल तर तेवढ्यापुरते पलीकडे जा. मूल आतल्या बाजूला, आपण डांबराच्या बाजूला. बसमधून उतरलात की बसच्या पुढून ओलांडू नका, बस जाऊ दे, 20 सेकंदांनी काही बिघडत नाही. आमच्या बसवाल्यांना पुढच्या स्टॉपवर दुसऱ्याच्या आधी पोचायची जी घाई असते ती बघता हे मी मुलीकडून पाठ करून घेतलंय. पावसात छत्री समोर कलती धरली की आपल्याला गाडी दिसत नाही, म्हणून ओलांडताना छत्री उचला, भिजलं तर भिजलं. काळे-निळे रेनकोट कोणी काढलेत देव जाणे, जूनच्या काळोखात त्यातलं माणूस दिसतच नाही. बाजारात परावर्तक पट्टी मीटरवर मिळते, दप्तरावर आणि रेनकोटच्या पाठीवर शिवून टाका, आम्ही बचतगटाच्या बायकांनी एका रविवारी शाळेच्या सगळ्या पोरांच्या दप्तरांना शिवली.

पायी यात्रेला जाणारे, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात जुन्या गोव्याला सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला, शिरगावच्या जत्रेला किंवा पंढरपूरच्या वारीला, त्यांच्यासाठी एवढंच: रात्री घोळका करून रस्ता भरून चालू नका, सगळ्यात पुढच्याकडे पांढरी बॅटरी आणि सगळ्यात मागच्याच्या पाठीवर लाल ब्लिंकर. मागचा दिवा पुढच्याहून महत्त्वाचा. भजन म्हणत चालणाऱ्याला मागून येणारी गाडी ऐकूच येत नाही.

सायकल. गोव्यातला सगळ्यात अनुभवी सायकलस्वार म्हणजे पोदेर, आमचा पाववाला, पहाटे काळोखात, मागे पावाची मोठी टोपली, हाताशी पों-पों. नवऱ्याने आमच्या पोदेराला विचारलं होतं की इतक्या वर्षांत किती वेळा पडलास, तो म्हणाला गाडीमुळे एकदाही नाही, कुत्र्यामुळे चारदा. त्याची पद्धत बघण्यासारखी आहे: तो कडेला चिकटून जात नाही, कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत, आणि वळायच्या खूप आधी मागे बघतो, पों-पों करतो, मग हात दाखवतो. कडेला चिकटलं की गाडीवाले घासून ओव्हरटेक करतात आणि आपल्याला खड्डा चुकवायला जागाच उरत नाही. हातभर आत असलं की त्यांना लेन बदलावी लागते. उभ्या असलेल्या कारच्या रांगेशेजारून जाताना तर मीटरभर लांबून, कधी दार उघडेल सांगता येत नाही, आणि भाड्याच्या कारवाल्यांना आरशात बघून दार उघडायची सवय नसते.

दिवे: पुढे पांढरा, मागे लाल, दिवसासुद्धा पावसात चालू. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर, पेडलला पिवळे. पेडलचे फेकू नका, वरखाली होणारे ते दोन ठिपके बघूनच मागच्याला कळतं की पुढे सायकल आहे. ब्रेकचे रबर मे महिन्यात बदला, पाऊस सुरू झाल्यावर नव्हे. ओल्या रिमवर ब्रेक चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पकडतच नाही, म्हणून उतरणीवर आधीपासून हलका हलका दाबत जा. पावसात झेब्राचे रंगाचे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि लाल मातीचा चिखल यांवर सायकल कलती करायची नाही. गटाराची जाळी रस्त्याच्या दिशेने लांब फटींची असेल तर बारीक टायर त्यात जातो, अशी जाळी दिसली की फोटो काढून अर्जात टाका, ती आडवी बसवणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. गुरं पावसाळ्यात कोरड्या डांबरावर बसतात, काळी म्हैस रात्री दिवा असूनही दहा मीटरवर येईपर्यंत दिसत नाही, तिच्या तोंडाकडून नव्हे, मागून जा.

पणजीला सायकलने जाणार असाल तर मांडवीवरचा अटल सेतू विसरा, तिथे दुचाक्याच नाहीत, सायकल तर लांबची गोष्ट. फोंड्याकडून येताना जुन्या गोव्यानंतर बायपास सोडून रायबंदरवरून आत या, पोर्तुगीजांनी 1630 च्या दशकात बांधलेल्या त्या पुलावरून. सपाट, मांडवीचा वारा, आणि सकाळी सातच्या आधी ट्रॅफिक कमी. पाटोपाशी पोचलात की मात्र उतरा आणि ढकलत ओलांडा, तिथे शौर्य नको. मिरामारला आयर्नमॅनची रेस असते त्या दिवशी बांदोडकर मार्ग सायकलींसाठी मोकळा, गाड्यांना बंद ठेवतात आणि शहर काही कोसळत नाही, हे दरवर्षी बघून मला मौज वाटते.

आणि अपघात झालाच तर. 108 ला फोन, किंवा 112. हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरा. पोलिसांच्या भानगडीत पडू म्हणून बरेच जण पुढे येत नाहीत, तर कायद्यात कलम 134अ त्यासाठीच आहे: मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही. 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, जखमीला नोंदणीकृत हॉस्पिटलात 7 दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत उपचार. आणि घटना किरकोळ असली तरी पोलिसांत नोंद करा, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं. कारण ब्लॅकस्पॉट, म्हणजे सरकारी कागदावरची अपघाताची जागा, ठरतो तो नोंदींवर, 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत 5 गंभीर अपघात किंवा 10 मृत्यू. "जाऊ दे, आपापसात मिटवू" म्हणून मिटवलेले सगळे अपघात कागदावर झालेलेच नसतात, आणि कागदावर तुमचा तिठा सुरक्षित असतो.

आमच्याकडे आत्ता: हंप झाला, पूर्ण रुंदीचा, खाली पाइप, 40 मीटर आधी बोर्ड. सहापैकी पाच लाद्या बसल्या. परवा परत 50 मीटरच्या खुणा मारून बसले, बहुतेक गाड्या 5 ते 6 सेकंद घेतायत. एक काळी प्लेट 3 सेकंदांत गेली, पुढे हंपावर तिचं जे व्हायचं ते झालं. चिरे अजून तिथेच आहेत, मालक म्हणतो चवथीनंतर उचलतो, कुठली चवथ ते सांगितलेलं नाही. वळणावरचा दिवा बंद आहे, खांबाचा नंबर लिहून अर्ज दिलाय, इनवर्ड झालाय, सोमवारी 30 दिवस होतात.